नवस, नाटक आणि दोषाचा धनी : ओबरामरगाउच्या संहितेविषयी

साथीचा रोग आणि नाट्य यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न आधुनिक नाट्यमीमांसेत निघाला, की आंतोनँ आर्तोचे नाव हटकून पुढे येते. एप्रिल १९३३ मध्ये त्याने सॉर्बोनमध्ये ‘रंगभूमी आणि प्लेग’ या विषयावर व्याख्यान दिले. पुढे १९३८ साली ते त्याच्या ग्रंथात समाविष्ट झाले, आणि तेव्हापासून प्लेग हे रंगभूमीच्या मूलगामी, विध्वंसक आणि शोधक शक्तीचे रूपक होऊन बसले. त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, बव्हेरियातील आमर नदीकाठचे एक लहानसे गाव आपल्या पूर्वजांनी प्लेगच्या काळात केलेल्या नवसाला तीनशे वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव साजरा करीत होते. आर्तोला त्या गावाशी काही कर्तव्य नव्हते आणि त्या गावालाही आर्तोशी नव्हते. परंतु या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. आर्तोच्या लेखी प्लेग हे रूपक आहे, तर ओबरामरगाउच्या लेखी ते देणे आहे. रूपक वापरून टाकता येते, देणे पिढ्यान्‌पिढ्या फेडावे लागते. दुखण्यातून वाचलेल्या समूहाने फेडीसाठी नाटक स्वीकारले तर त्या नाटकाच्या संहितेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विशेषतः त्या संहितेला सर्वाधिक काळ टिकलेले रूप देणारा नाटककार, धर्मगुरू योझेफ आलोइस डाइझेनबर्गर, याच्या लेखनातील एका अंतर्विरोधाकडे मला लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम नवसाची हकीकत. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८ ते १६४८) जर्मन भूमी पोखरून निघालेली असताना, १६३२-३३ मध्ये त्या परिसरात प्लेग पसरला. गावाने वेशीवर पहारे बसविले होते. एशेनलोहे या शेजारच्या गावी मोलमजुरीसाठी गेलेला कास्पार शिस्लर हा गावकरी चर्चच्या जत्रेच्या सुमारास बायकामुलांच्या ओढीने पहारा चुकवून रात्री घरी आला, आणि त्याच्याबरोबर रोगही आला. दोनच दिवसांत तो गेला. गावबखरीप्रमाणे पुढे चौऱ्याऐंशी माणसे दगावली. तेव्हा ‘सहा आणि बारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावपंचांनी येशूच्या दुःखसहनाचे नाटक दर दहा वर्षांनी करण्याचा नवस बोलला, आणि त्यानंतर एकही मृत्यू झाला नाही, असे ही बखर सांगते. १६३४ च्या पेंटेकॉस्टला पहिला प्रयोग झाला, तो परंपरेनुसार दफनभूमीत, प्लेगमध्ये गेलेल्यांच्या थडग्यांवर उभारलेल्या मंचावर. १६८० पासून प्रयोग दशकाच्या आरंभवर्षी होऊ लागले.

इतिहासाच्या काटेकोर निकषावर ही हकीकत पूर्णपणे उतरत नाही. नवसाचा मूळ लेख उपलब्ध नाही, आणि धर्मग्रामाच्या नोंदींत मृत्यू एका दिवशी खंडित झाल्याचे नव्हे, तर ओसरत गेल्याचे दिसते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. कथेच्या रूपबंधात दोषाचे स्थान कोठे आहे, हे पाहावयास हवे. चौदाव्या शतकात, १३४८-४९ च्या महामारीत, युरोपातील अनेक नगरांनी विहिरींत विष कालवल्याचा आरोप यहुद्यांवर ठेवून त्यांच्या वस्त्या जाळल्या होत्या. रने जिरार आपल्या ‘बळीचा बकरा’ या विषयावरील १९८२ च्या ग्रंथाचा आरंभ याच घटनेच्या एका काव्यगत साक्षीपासून करतो, हे परिचित आहे. ओबरामरगाउच्या कथेत मात्र रोग आणणारा परका नाही. तो गावचाच आहे, आणि त्याचा गुन्हा द्वेषाचा नसून मायेचा आहे. आपल्याकडे मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची जी चाल होती, तीत इडापीडा शेजारच्या गावाकडे ढकलली जाते. येथे ती ढकललेली नाही. ‘आमच्यातल्याच एकाकडून हे झाले आणि आम्ही सर्वांनी मिळून त्याची फेड करू’ अशी या कथेची घडण आहे. लोककथेत इतकी प्रगल्भ नैतिक जाणीव क्वचितच आढळते, असे मला वाटते.

आता नाटकाकडे वळू. या गावाने संहिता स्वतः रचली नाही. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १६६२ ची आहे. ऑग्सबर्गच्या संत उलरिख व आफ्रा मठातील पंधराव्या शतकातले एक नाटक आणि त्याच नगरातील गायक-कवी सेबास्टियन विल्ट याचे सोळाव्या शतकातले नाटक, यांची ती सांधणी आहे. नवस गावाचा, शब्द उसने. १७५० मध्ये जवळच्या एट्टाल मठातील बेनेडिक्टी संन्यासी फेर्डिनांड रोस्नर याने बरोक शैलीतील पद्यमय संहिता सिद्ध केली. तीत लूसिफर आहे, मृत्यू आहे, मत्सर आणि लोभ ही मूर्त पात्रे आहेत, आणि येशूविरुद्धचा कट वस्तुतः नरकात शिजतो. १७७० मध्ये बव्हेरियाच्या शासनाने अशा सर्व नाटकांवर बंदी घातली. प्रबोधनयुगाच्या राज्यकर्त्यांना खेडुतांनी रंगमंचावर मांडलेली ही देवघेव असभ्य आणि अंधश्रद्ध वाटत होती. १८१० सालीही परवानगी नाकारली गेली. ती मिळाली १८११ मध्ये, जेव्हा एट्टालचाच पूर्वाश्रमीचा संन्यासी ओटमार वाइस याने गद्य संहिता नव्याने लिहून दिली आणि गावचे शिक्षक रोखुस डेडलर यांनी तिला संगीत दिले.

वाइसने सैतान काढून टाकले. दंतकथा गाळल्या, शुभवर्तमानांचा आधार घट्ट केला आणि पात्रांच्या कृतींना मानवी कारणे दिली. साहित्येतिहासात अशा बदलाला आपण सहजपणे प्रगती म्हणतो. अद्भुताकडून वास्तवाकडे, रूपकाकडून मानसशास्त्राकडे, अशी वाटचाल आपल्या सर्वच वाङ्मयेतिहासांनी गौरविलेली आहे. पण नाट्यसंहितेत एक पात्र काढले की त्याचे कार्य कोणातरी दुसऱ्या पात्राकडे जाते. सैतान गेल्यावर कटाचे सूत्र कोणाच्या हाती द्यावयाचे? वाइसने ते मंदिरातून हुसकावलेल्या व्यापाऱ्यांकडे दिले. बाजार उधळला म्हणून चिडलेले व्यापारी धर्मपीठाशी संधान बांधतात, जमाव भडकवतात, यहूदाला गाठतात. त्यांच्यातील दाथान या पात्राचे नाव जुन्या करारातील मोशेविरुद्धच्या बंडखोरावरून घेतलेले आहे. पूर्वी मत्सर आणि लोभ या अमूर्त वृत्ती होत्या आणि त्या प्रेक्षकाच्याही काळजाला हात घालीत होत्या. आता त्या विशिष्ट वेशातल्या, विशिष्ट जातीच्या माणसांचे स्वभावविशेष झाल्या. बुद्धिवादाने नरक रिकामा केला आणि तिथला कारभार यरुशलेमच्या बाजारपेठेत आणून बसविला. जेम्स शापिरो यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या नाटकाच्या यहुदीविरोधी वारशाचा विस्तृत मागोवा घेतला आहे. माझा आग्रह एवढाच, की हा वारसा केवळ मध्ययुगीन उरलेपण नाही. त्याचा सर्वांत तीव्र भाग वास्तववादाच्या आगमनाबरोबर आलेला आहे.

डाइझेनबर्गर हा वाइसचा शिष्य. जन्म १७९९ चा, जवळच्याच ओबराउ गावचा. १८४५ पासून तो ओबरामरगाउचा धर्मगुरू होता आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हे गाव सोडले नाही. १८५० च्या प्रयोगासाठी त्याने गुरूच्या संहितेवरून हात फिरविला आणि १८६० साठी तिला नवे रूप दिले. तेच रूप, वेळोवेळी दुरुस्त होत, पुढे शतकाहून अधिक काळ टिकले. नाटककार या नात्याने त्याचे मोल केवळ या एका संहितेवरून करणे मात्र अन्यायाचे ठरेल. दहा वर्षांतून एकदा उभा राहणारा नटवर्ग तयार कसा व्हावयाचा? लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसांना उच्चार, हालचाल, मौन हे शिकविणार कोण? डाइझेनबर्गरने मधल्या वर्षांसाठी संतचरित्रांवर आणि बव्हेरियाच्या इतिहासावर नाटके लिहून गावच्या ‘सराव-रंगभूमी’ला खाद्य पुरविले. त्याचे धर्मगुरूपण आणि नाटककारपण यांत फारकत करता येत नाही. रंगभूमी हे त्याच्या लेखी गावाची काळजी वाहण्याचेच एक साधन होते. ‘लोकरंगभूमी’ हा शब्द आज ज्या सैलपणे वापरला जातो, त्या पार्श्वभूमीवर एका माणसाने एका खेड्यात अडतीस वर्षे केलेले हे काम अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे.

याच माणसाने गावाचा इतिहासही लिहिला. शिस्लरची कथा एकोणिसाव्या शतकातील वाचकांपर्यंत मुख्यतः त्याच्या कथनातून पोहोचली. म्हणजे एकाच लेखणीने दोन कथा सांगितल्या. पहिलीत मरण आणणारा आपला माणूस आहे. दुसरीत मरण घडविणारा दुसऱ्यांचा जमाव आहे. पहिली कथा दुसरीचे प्रयोजन आहे, तिच्यावाचून नाटकच उभे राहिले नसते. तरीही पहिलीतील दोषाची जाणीव दुसरीत उतरत नाही. डाइझेनबर्गर द्वेष्टा होता असे त्याच्या लेखनातून जाणवत नाही. त्याची भाषा सौम्य आहे, आणि गुरूच्या संहितेतील कर्कशपणा त्याने अनेक ठिकाणी कमी केलेला आहे. म्हणूनच हा अंतर्विरोध अधिक विचारणीय ठरतो. येथे प्रश्न हेतूचा नसून रचनेचा आहे.

रचनेच्या पातळीवर डाइझेनबर्गरच्या संहितेत त्यावर एक उतारा होता, हे फारसे कोणी म्हणत नाही. या नाटकात प्रसंगांच्या अधूनमधून ‘सजीव चित्रे’ येतात. जुन्या करारातील एखादा प्रसंग नट निश्चल उभे राहून मांडतात, वृंद त्याचा अर्थ गातो, आणि मग येशूच्या चरित्रातील त्याच्याशी जुळणारा प्रसंग घडतो. यांतील काही चित्रे उघडपणे वगळणुकीची आहेत. राणी वश्ती टाकली जाते आणि एस्तेर स्वीकारली जाते, म्हणजे जुना समाज जाऊन नवा येतो, असा तेथे संकेत आहे. पण यहूदाच्या सौद्याआधी येणारे चित्र योसेफाचे आहे. त्याचे भाऊच त्याला वीस रुप्यांना विकतात. विकणारे भाऊ आहेत, शत्रू नाहीत. आणि जुन्या कराराची कथा पुढे जाते ती याच भावांच्या पश्चात्तापाने आणि योसेफाच्या क्षमेने. हे चित्र पूर्ण अर्थाने वाचले असते तर संपूर्ण नाटकाचा रोख बदलला असता. संहितेने त्यातून केवळ नाण्यांची संख्या उचलली, नात्याचा अर्थ तसाच सोडून दिला. यहूदाला पिवळा वेश देण्याची परंपरा, म्हणजे मध्ययुगाने यहुद्यांवर लादलेल्या खुणेचाच रंग, या चित्राच्या शेजारी कशी नांदली असेल याचे नवल वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो. नाटककाराने शुभवर्तमानात आहे तेच मांडले, त्याला दोष कसा द्यावयाचा? हा आक्षेप वरवरचा नाही. परंतु चार शुभवर्तमाने एकच गोष्ट एकाच रीतीने सांगत नाहीत. त्यांतून निवड करावी लागते आणि निवड हीच संहिता असते. जमावाने पुढील पिढ्यांवर रक्ताचा दोष ओढवून घेण्याचे उद्गार एकट्या मत्तयाच्या २७ व्या अध्यायात येतात. नाटकाने ते घेतले आणि सामूहिक कंठातून गर्जविले. व्यापाऱ्यांचा कट तर एकाही शुभवर्तमानात नाही. शिवाय पिलाताला दिलेले सुसंस्कृत, हताश सज्जनपण ही पूर्णतः नाट्यगत गरज आहे: खलपक्ष गडद करावयाचा तर न्यायाधीश उजळ हवा.

पुढील इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १८७० चा हंगाम युद्धामुळे खंडित झाला व १८७१ मध्ये पूर्ण झाला. सैन्यात गेलेल्या येशूच्या नटाला केस न कापण्याची सवलत मिळाली होती. १८८० पर्यंत टॉमस कुकच्या सहली गावात येऊ लागल्या, १९०० मध्ये रेल्वे आली. गावकऱ्यांनी ईश्वराचे देणे म्हणून आरंभिलेली गोष्ट जगाची प्रेक्षणीय वस्तू झाली. १९३४ मध्ये त्रिशतकी प्रयोगाला हिटलर आला. पुढे १९४२ साली खासगी संभाषणात त्याने या नाटकाची जी प्रशंसा केली ती यहुद्यांच्या चित्रणासाठी आणि पिलाताच्या श्रेष्ठत्वासाठी होती. हिटलरचे वाचन हे चुकीचे वाचन होते असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह आवरावयास हवा. त्याने संहितेतील एका खऱ्या शक्यतेचेच वाचन केले होते.

याच संहितेचे आणखी एक वाचन त्याच्या चारच वर्षे आधी झाले आणि ते एका भारतीयाने केले, ही बाब आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही. जुलै १९३० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी ओबरामरगाउचा प्रयोग पाहिला आणि त्या प्रभावाखाली म्युनिकमध्ये ‘द चाइल्ड’ ही दीर्घ कविता थेट इंग्रजीत लिहिली. ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचेच बंगाली रूप म्हणजे ‘शिशुतीर्थ’. या कवितेची चर्चा सामान्यतः तिच्या शेवटाच्या, म्हणजे नवजात मानवाच्या जयघोषाच्या, अनुषंगाने होते. मला तिचा मध्य अधिक महत्त्वाचा वाटतो. अंधारात चाचपडणाऱ्या माणसांना एक श्रद्धावान पुरुष यात्रेला घेऊन निघतो. वाट लांबते, संशय वाढतो, आणि एका रात्री यात्रेकरूच त्याला ठार करतात. बाहेरचा कोणी शत्रू येथे नाही. धर्मपीठ नाही, व्यापारी नाही, राज्यकर्ता नाही. उजाडल्यावर ते एकमेकांना दोष देऊ लागतात, आणि भांडण विकोपाला जाण्याच्या बेतात असताना प्रश्न उभा राहतो, की आता वाट कोण दाखवील. उत्तर येते: ज्याला आपण मारले तोच.

रवींद्रनाथांनी क्रूसाची कथा सांगितलेलीच नाही, असे म्हणून कवितेचा नाटकाशी असलेला संबंध पुसट करणारे वाचन मला मान्य होण्यासारखे नाही. त्यांनी दुःखसहनाच्या कथेतील केंद्रस्थ घटना तशीच ठेवली आणि केवळ कर्ता बदलला. डाइझेनबर्गरच्या संहितेत मारणारे ‘ते’ आहेत आणि तारले जाणारे ‘आम्ही’ आहोत. ‘द चाइल्ड’मध्ये मारणारे आणि तारले जाणारे एकच आहेत. हा बदल रवींद्रनाथांनी जाणीवपूर्वक, प्रयोगाला उत्तर म्हणून केला असा दावा मी करणार नाही. कवीच्या मनातले आपल्या हाती नसते. परंतु दोन संहिता शेजारी ठेवल्यावर दिसणारा हा भेद योगायोगाचा म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही. आणि गंमत अशी, की या भेदामुळे रवींद्रनाथांची कविता शिस्लरच्या कथेच्या अधिक जवळ जाते. आपल्यातल्याच माणसाच्या हातून घडलेले मरण आणि त्या मरणानंतर एकत्र चालत राहण्याची गरज हे नवसाचे मूळ आशयसूत्र गावाच्या नाटकाने गमावले आणि एका परदेशी प्रेक्षकाच्या कवितेत ते पुन्हा प्रकटले.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा सुधारणांचा वाद हा संहितासंपादनाच्या अभ्यासकांना उद्बोधक आहे. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुद्यांवर ठेवता येणार नाही असे जाहीर केल्यावर गावावरील दडपण वाढले. १९७७ मध्ये मूर्तिकार हान्स श्वाइगहोफर यांच्या पुढाकाराने रोस्नरच्या संहितेचे प्रायोगिक सादरीकरण झाले. सैतान परत आणले की यहुदी मोकळे होतात, हा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी गावाच्या मतदानात हा पक्ष हरला. या पराभवाविषयी सहानुभूती वाटूनही मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. दोष माणसाकडून काढून सैतानाकडे सोपविणे म्हणजे पुन्हा तो आपल्यापासून दूरच नेणे होय. मात्र रोस्नरचा मत्सर आणि लोभ प्रेक्षकातही वसू शकतात, एवढी त्याची बाजू सबळ होती.

१९९० पासून क्रिस्टियान श्ट्युकल या गावच्याच दिग्दर्शकाने वेगळी वाट धरली. २००० च्या प्रयोगासाठी ओटो हूबर यांच्यासह त्याने संहितेत खोलवर बदल केले. रक्तदोषाचे उद्गार गेले, धर्मगुरूंची शिंगांसारखी शिरोभूषणे गेली, पिलात कठोर झाला, आणि येशू व त्याचे शिष्य हिब्रूत प्रार्थना करू लागले. संघर्ष आता यहुदी समाजातील अंतर्गत संघर्ष झाला. धर्मपीठात येशूच्या बाजूने बोलणारे आवाजही ऐकू येऊ लागले. हे काम मोठे आहे. तरीही त्याच्या मर्यादेचा निर्देश करावयास हवा. कलह ‘त्यांच्या’ घरातला असे दाखविल्याने ‘ते’ सर्व एकसारखे दुष्ट राहत नाहीत हे खरे. परंतु प्रेक्षक मात्र अजूनही घराबाहेर उभा राहूनच तो पाहतो. संहितेतून विष काढणे आणि संहितेत स्वतःला गोवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

प्रयोगाच्या बाजूने काही गोष्टी घडल्या आहेत. विवाहित आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना न्यायालयीन निर्णयानंतर १९९० मध्ये भूमिका खुल्या झाल्या. भूमिकेसाठी गावात जन्म किंवा वीस वर्षांचे वास्तव्य हा नियम आहे, पण त्या चौकटीतला ‘गावकरी’ बदलतो आहे. २०२० चा प्रयोग करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्चमध्ये पुढे ढकलावा लागला. साथीतून उपजलेले नाटक साथीनेच थांबविले, हा विरोधाभास वृत्तपत्रांनी पुरेसा वापरलेला आहे. तो प्रयोग २०२२ मध्ये झाला, तेव्हा यहूदाच्या भूमिकेत जेंगिज ग्योर्युर हा तुर्की वंशाचा मुस्लिम तरुण होता. परंपरेने ज्याला परका ठरविले त्याची भूमिका गावात जन्मलेल्या, पण काल-परवापर्यंत परका मानल्या गेलेल्या घरातील मुलाला मिळाली, आणि ती गावाने मानाची म्हणून दिली.

राहिली शिस्लरची गोष्ट. पॅशन-नाट्याच्या मंचावर त्याला कधी स्थान मिळाले नाही. १९३३ मध्ये लेओ वाइसमान्टल या कॅथलिक लेखकाने १६३३ च्या प्लेगवर स्वतंत्र नाटक लिहिले आणि ते गावात झाले. पुढेही मुख्य प्रयोगाच्या आधीच्या वर्षी प्लेगचे नाटक करण्याची प्रथा पडली. तेच नट, तेच गाव. एका वर्षी आपल्या घरात शिरलेल्या मरणाचे नाटक, दुसऱ्या वर्षी यरुशलेमातील मरणाचे. जगभरातून येणारे लाखो प्रेक्षक दुसऱ्या वर्षी येतात. पहिल्या नाटकाच्या प्रेक्षकांत बहुतांश भरणा गावाचा आणि आसपासच्या खोऱ्याचाच असतो.